बुटांजवळची रांग

नियाझी आबींना हजला जायचं होतं, आणि त्याआधी सगळ्या जगानं त्यांना माफ करायला हवं होतं. जगाची काही हरकत नव्हती. अडून बसला तो एकच माणूस, आणि तोही कोण, तर दुर्सुन.

आमच्यात रीतच आहे ही. हजला निघालेला माणूस आधी दारोदार फिरतो. शेजारी, नातेवाईक, ज्याच्याशी कधी वाजलं तो, ज्याच्याशी कधीच वाजलं नाही तो, सगळ्यांना तो म्हणतो, "माझ्यावर तुमचा काही हक्क राहिला असेल तर हलाल करा." म्हणजे मी कधी दुखावलं असेल, टाकून बोललो असेन, तर ते मनातून सोडून द्या. देवाचे अपराध देव माफ करतो, पण माणसाचा माणसावरचा हक्क माणसानंच सोडायचा असतो, त्यात देव हात घालत नाही. ते ओझं घेऊन काब्यापुढं उभं राहायचं म्हणजे चिखलाच्या पायांनी कुणाच्या बैठकीत शिरण्यासारखं आहे. समोरचा म्हणतो, "हलाल असो." झालं. नाही कुणी म्हणत नाही. 'बरं आहे ना' असं विचारलं की आपण 'बरं आहे' म्हणतो, तसंच ते.

नियाझींना अर्धा मोहल्ला आबी, म्हणजे थोरला भाऊ म्हणे. उरलेला अर्धा मोहल्ला त्यांना बघून पलीकडच्या फुटपाथनं जाई. तुर्कस्तानातल्या चोरुमजवळच्या खेड्यातून एकाहत्तर साली ते इथं जर्मनीत, रूहरच्या खोऱ्यात आले आणि पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायला लागले. साधी क्रेन नव्हे. छताला लागून धावणारी, उकळत्या लोखंडाचं घराएवढं भांडं उचलणारी. तीस वर्षं ते त्या काचेच्या खोलीत बसले. खाली माणसं मुंग्यांसारखी. एक बोट इकडंतिकडं झालं असतं तर शंभर माणसांचा कोळसा झाला असता, आणि तीस वर्षांत ते बोट कधी चुकलं नाही. तेव्हा अभिमान वाटायला जागा होती, हे आम्हीही कबूल करतो. पण तीस वर्षं माणसांच्या टाळूच बघितल्यावर पुढं तोंडं बघायची सवय राहत नाही.

मशिदीत त्यांची जागा ठरलेली होती. पहिली रांग, इमामाच्या बरोबर मागं, किंचित उजवीकडं. आमची मशीद म्हणजे पूर्वीचं फर्निचरचं दुकान. लांबट नि अरुंद, आठ माणसांत रांग भरते, आणि शेवटची रांग दाराशेजारच्या बुटांच्या फळीला जाऊन टेकते. हिरव्या गालिचावर एकाच जागी दोन गुडघ्यांचे आणि एका कपाळाचा असे फिके डाग पडलेत, ते नियाझी आबींचे. सत्तावीस वर्षं. तेवढ्या काळात पाच होजा आले नि गेले. होजा म्हणजे आमचे इमाम. प्रत्येकाला आबींनी पहिल्या आठवड्यात सांगितलं की तुमच्या आधीचे तुमच्यापेक्षा बरे वाचायचे. पायात काळे चामडी मोजे, आरशासारखे घासलेले. हातावर लिंबाचं अत्तर. नाकावर माशी बसू द्यायची नाही.

आणि त्यांना एक गोष्ट सांगायला फार आवडे. नमाजानंतर शेजारच्या चहाच्या खोलीत बसले की हमखास ती निघायची. "सैतानानं काय केलं? चोरी केली? खून केला? नाही. एवढंच म्हणाला, की मी ह्या मातीच्या माणसाहून बरा. आणि तेवढ्यावर हाकलला गेला. राईच्या दाण्याएवढा जरी गर्व मनात असला ना, तरी जन्नतचं दार बंद." सांगताना त्यांचं बोट नेहमी समोरच्याकडं असायचं. समोर कोण बसलंय याला महत्त्व नव्हतं.

तर त्या शुक्रवारी, विमानाला नऊ दिवस उरले असताना, नमाज झाल्यावर बुन्यामिन होजांनी त्यांना पुढं बोलावलं. हे होजा वयानं तरुण, आवाज गोड आणि आबींपुढं जरा दबूनच. नियाझी आबी लोकांकडं तोंड करून उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बंधूंनो, कळत नकळत काही झालं असेल. माझ्यावरचा हक्क हलाल करता?"

"हलाल असो," मशीद दणाणली.

तीनदा विचारायची पद्धत आहे. तीनदा विचारलं, तीनदा उत्तर आलं. तिसऱ्यांदाचा आवाज खाली बसला आणि होजा दुआ सुरू करणार, एवढ्यात मागून, बुटांच्या फळीजवळून कुणीतरी म्हणालं, "माझा राहू दे."

आवाज मोठा नव्हता. पण चाळीसेक माना एकदम वळल्या. दुर्सुन बसला होता. बुटका, रुंद हातांचा, साठीचा माणूस. कत्तलखान्यातली हाडं नि चरबी उकळतात त्या कारखान्यात त्याचा जन्म गेला, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा आवाज ऐकलेला सुद्धा आठवत नव्हता कुणाला.

"काय म्हणालास?" नियाझी आबींनी विचारलं.

"म्हटलं, माझा हक्क राहू दे, आबी. बाकीच्यांचा झाला ना, तेवढा घेऊन जा." असं म्हणून त्यानं फळीवरचे आपले बूट काढले, बसून सावकाश नाड्या बांधल्या आणि निघून गेला.

चहाच्या खोलीत आबींचा पारा चढला तो उतरेना. "मी ह्याच्याशी कधी बोललोसुद्धा नाही. उभ्या जन्मात दोन वाक्यं नसतील. आणि हा माझ्या हजच्या आडवा येतो? चार माणसांत माझं नाक कापलं." आम्ही चहा ढवळत बसलो. साखर विरघळून गेली तरी ढवळत होतो.

शनिवारी त्यांनी होजांना दुर्सुनकडं पाठवलं. दुर्सुननं होजांना चहा पाजला, जर्दाळू खायला घातले, आणि निरोप दिला, "आबींना म्हणावं, आठवलं की या."

रविवारी आबींची बायको गुलिझार बकलाव्याच्या गोड वड्यांचं ताट घेऊन गेली. दुर्सुनच्या बायकोनं ते प्रेमानं घेतलं. आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, तेव्हा त्याच ताटात द्राक्षाच्या पानांतला भात घालून तिनं सोमवारी परत पाठवलं. ताट आलं, हलाल काही आला नाही.

"छळतोय मला," नियाझी आबी म्हणाले. "न केलेला गुन्हा आठवा म्हणे."

"मग आठवा," गुलिझार म्हणाली.

"काय आठवू? मी कुणाला कधी काही बोललोय का?"

गुलिझार त्यांच्याकडं बघत राहिली.

"हसू नकोस."

"हसत नाही मी. कुठून सुरुवात करावी ते बघतेय."

खरं सांगायचं तर आम्हांला आठवत होतं. सगळ्यांना नाही, पण जुन्या दहा-पंधरा जणांना नक्की. एका शब्दानं काम झालं असतं. पण सांगणार कोण? त्या दिवशी आम्हीही हसलो होतो. आबींना आठवण करून द्यायची म्हणजे आपणही हसलो हे तोंडानं म्हणायचं, आणि तेवढी छाती आमच्यात कुणाची नव्हती. म्हणून आम्ही त्यांना गावभर फिरू दिलं.

मंगळवारी ते इस्कंदर न्हाव्याकडं गेले. खुर्चीत बसले, गळ्याला कापड बांधून घेतलं आणि आरशातल्या इस्कंदरला म्हणाले, "खरं सांग. मी तुला कधी काही लागेल असं बोललोय?"

"आबी, माझ्या हातात वस्तरा असताना असलं विचारू नका."

"सांग म्हणतो ना."

इस्कंदरनं वस्तरा बाजूला ठेवला. "पोराचं लग्न आठवतं? पोरगा इंजिनिअर झाला म्हणून मी नव्या व्याह्यांपुढं मिरवत होतो. तुम्ही मध्येच म्हणालात, न्हाव्याचा पोर पूल बांधणार म्हणजे कात्रीनंच बांधणार. सगळे हसले. व्याहीसुद्धा हसला. पोराच्या मानेवरचा घाम मला अजून दिसतो."

"अरे, गंमत केली होती."

"हो. आम्हीही हसलो की."

"पण शुक्रवारी तर तू हलाल म्हणालास."

"म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. सोडून दिलं. पण विसरलो असं कुठं म्हणालो?" इस्कंदरनं पुन्हा वस्तरा उचलला. "मान वर करा जरा."

चहावाल्या बेकिरनं तर काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं. अकरा वर्षं तो मशिदीत चहा करतोय आणि अकरा वर्षं नियाझी आबी पहिला पेला परत पाठवतात. चहा आहे की मोजे धुतलेलं पाणी, असं म्हणून.

"रोज?" आबींनी विचारलं.

"रोज नाही. रमजानात नाही."

आबींना हसू आलं नाही. ते तसेच बाहेर पडले. रस्त्यात ओळखीची माणसं भेटत होती, सलाम करत होती, आणि प्रत्येक तोंडाकडं बघून ते मनात विचारत होते, ह्याच्याकडं माझं काय असेल? भाजीवाला, त्याची आई, शाळेतला शिपाई. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःहून पलीकडच्या फुटपाथवर गेले.

घरी गुलिझार बटाटे सोलत होती. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. कोट काढला नाही.

"तुलाही बोललोय का मी?"

"आत्ता नको."

"सांग गं."

तिनं सुरी खाली ठेवली. "शहाऐंशी साली तुमचे कारखान्यातले मित्र जेवायला आले होते. शाळेतून मुलीची चिठ्ठी आली होती. मी तेव्हा जर्मनच्या वर्गाला जायचे, आठवड्यातून दोनदा. मोठ्या हौसेनं मी ती चिठ्ठी सगळ्यांपुढं वाचायला घेतली. तुम्ही म्हणालात, हिच्या ओढणीखाली डोकं आहे की नाही ते आधी बघा. दुसऱ्या दिवसापासून मी वर्ग सोडला. आजही डॉक्टरकडं जायचं तर लेकीला रजा काढायला लावते."

नियाझी आबींना ते जेवण आठवत होतं. मटण चांगलं झालं होतं, हे आठवत होतं.

"तू कधी बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? तुम्ही वर, क्रेनवर. खालून कितीही ओरडलं तरी तिथं ऐकू जातं का?" तिनं पुन्हा बटाटा हातात घेतला. "माझं सोडा. मी तुम्हांला हलाल केलंय. एकत्र म्हातारं व्हायचं होतं, कुठं धरून बसू? तुम्ही दुर्सुनचं बघा."

त्या रात्री नियाझी आबी जेवले नाहीत असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण ते जेवले. फक्त मीठ कमी आहे असं म्हणाले नाहीत, आणि मीठ खरंच कमी होतं.

बुधवारी दुपारी ते कालव्याच्या काठी बाकावर बसून राहिले. अंगात लाज अशी भरली होती की मशिदीत जायचं म्हटलं तरी पाय उचलेनात. तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ होत आली तरी ते उठले नाहीत, आणि उठले तेव्हा उशीर झाला होता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. दारात पोचले तर आत नमाज सुरू झालेला. चार रांगा भरलेल्या. त्यांच्या फिक्या डागांवर दुसरंच कुणी उभं होतं आणि मशीद काही कोसळली नव्हती.

शेवटच्या रांगेत डावीकडं, फळीला लागून एक जागा होती. ते घाईघाईनं तिथं उभे राहिले. शेजारी कोण आहे ते बघितलं नाही. नमाजात इकडंतिकडं बघत नाहीत.

झुकले, पुन्हा उभे राहिले आणि सजद्यात गेले. कपाळ गालिचाला टेकलं. समोर हातभर अंतरावर दोन टाचा होत्या. एका मोज्याला भोक, त्यातून भेगाळलेली कातडी दिसत होती. नियाझी आबींनी इतक्या वर्षांत नमाजात कुणाच्या टाचा पाहिल्याच नव्हत्या. पहिल्या रांगेतल्या माणसापुढं भिंत असते. आणि डावीकडून बुटांचा वास आला. ओल्या चामड्याचा, दिवसभर पायांत कोंडलेल्या घामाचा. त्यांचं नाक आपोआप मुरडलं.

आणि नाक मुरडलं तसं ते वाक्य आलं. त्यांच्याच आवाजात, शब्द न् शब्द.

बारा वर्षांपूर्वीचा जुलै. शुक्रवार. मरणाचा उकाडा. दुर्सुन कारखान्यातून परस्पर आलेला, निळ्या सदऱ्यात, केस ओले. कधी नव्हे तो लवकर येऊन पहिल्या रांगेत, आबींच्या शेजारी, मान खाली घालून बसलेला. आणि त्याच्या अंगाला तो हाडांचा वास. नियाझी आबी आवाज जरासुद्धा न उतरवता म्हणाले होते, "दुर्सुन, ऊठ. मागं जा, बुटांजवळ. माणसांचं सोड, असल्या वासानं फरिश्तेसुद्धा नाक धरून पळतील."

मशीद हसली होती. दुर्सुन म्हणाला होता, "आबी, आजचा एक दिवस..."

"आज शुक्रवार आहे, म्हणूनच म्हणतो."

मशिदीत घाण वास घेऊन येऊ नये, असा नियमच आहे. नियम आबींच्या बाजूनं होता, म्हणून त्यांना ती गोष्ट कधी टोचली नाही आणि टोचली नाही म्हणून लक्षात राहिली नाही. दुर्सुन उठून बुटांजवळ गेला होता. त्यानंतर बारा वर्षं, पुढं जागा असो नसो, तो तिथंच उभा राहिला. नियाझी आबींना वाटायचं, त्याची जागाच ती.

सगळे सजद्यातून उठले तरी आबींचं कपाळ खालीच होतं. शेजारच्यानं पुढं हात करून खांद्याला हलकेच स्पर्श केला तेव्हा ते उठले. नमाज संपला. शेवटी उजवीकडं मान वळवून सलाम करायचा असतो, तशी त्यांनी मान वळवली, आणि ज्याला सलाम गेला तो दुर्सुन होता. त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. साधा, पांढऱ्या साबणाचा.

लोक बूट घालून गेले. ते दोघं फळीजवळच्या बाकावर बसून राहिले.

"आठवलं," नियाझी आबी म्हणाले.

"हं."

"फरिश्त्यांचं."

"तेच."

"तू काहीतरी सांगत होतास. आजचा एक दिवस म्हणून. काय होतं?"

दुर्सुननं हातातला बूट उलटा करून त्याचा तळ बघितला. "आई गेली होती. गुरुवारी फोन आला. सुट्टी मिळेना, आणि मिळाली असती तरी पोचेपर्यंत माती झालीच असती. म्हटलं, निदान शुक्रवारी सगळ्यांकडून तिच्यासाठी फातिहाची दुआ म्हणून घेऊ. पुढं बसलो म्हणजे होजांना नमाजाआधी सांगता येईल. दोनदा अंघोळ केली होती कारखान्यात. पण तो वास जात नाही हो, आबी. कातडीत बसतो."

"मग सांगितलं नाहीस होजांना?"

"कसं सांगणार? सगळे हसत होते. मला वाटलं, आता आईचं नाव काढलं तर तिच्या नावालाही वास लागेल."

धरणीनं पोटात घ्यावं असं नियाझी आबींना वाटलं, आणि आमच्या मशिदीची फरशी काँक्रीटची आहे. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतकी वर्षं ते बोट नाचवत ज्याची गोष्ट सांगत होते, 'मी ह्याच्याहून बरा' म्हणणाऱ्याची, तो काही आभाळातून हाकललेला कुणी लांबचा नव्हता. तो पहिल्या रांगेत, किंचित उजवीकडं बसत होता.

"हलाल कर, दुर्सुन. मला तोंड नाही मागायला, तरी मागतो."

"माझा मी केव्हाच सोडलाय."

"मग शुक्रवारी सगळ्यांपुढं ते..."

"तुम्ही ओझं न बघताच उतरवायला निघाला होता. म्हटलं, काय उतरवताय ते एकदा बघा तरी."

"आता बघितलं. आता झालं ना?"

दुर्सुननं बूट घातला. नाडी बांधायला वेळ लावला. "माझं झालं, आबी. आईचं मी कसं सोडू? ते माझ्या हातात नाही."

"मग मी काय करू?"

"ते मला नाही माहीत," दुर्सुन म्हणाला, आणि खरंच त्याला माहीत नसावं. तो उठून गेला.

शुक्रवार आला. रविवारी विमान होतं. नमाज झाल्यावर नियाझी आबी कुणी न बोलावता उभे राहिले. होजा चपापले. आम्हांला वाटलं, आता काहीतरी बोलणार आणि वादळ होणार. त्यांच्या हातात अत्तराची बाटली नव्हती आणि कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे हात लोंबत होते.

"बारा वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "मी दुर्सुनला इथून उठवलं. वास येतो म्हणून बुटांजवळ बसवलं. फरिश्ते पळतील म्हणालो. त्याची आई वारली होती आदल्या दिवशी. तिच्यासाठी तुम्हां सगळ्यांकडून फातिहा मागायला तो लवकर आला होता. माझ्यामुळं त्या माउलीची फातिहा राहिली. मी मागतो ती आज. होजा, दुर्सुनच्या आईसाठी..."

आणि ते थांबले. गेलेल्या माणसासाठी फातिहा म्हणायची तर त्याचं नाव घ्यावं लागतं. दुर्सुनच्या आईचं नाव त्यांना माहीत नव्हतं. दोन दिवस आणि दोन रात्री त्यांनी हे भाषण पाठ केलं होतं. आपण किती वाईट ते कसं सांगायचं, आवाज कुठं कापेल, हे सगळं ठरवलं होतं. त्या बाईचं नाव काय, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पश्चात्तापसुद्धा त्यांनी स्वतःचाच केला होता.

सगळी मशीद वाट बघत होती. नियाझी आबींचं तोंड पांढरं पडलं, मग लाल झालं. "नाव काय तिचं?" त्यांनी विचारलं. आवाज असा होता की पुढच्या दोन रांगांनाच ऐकू आला असेल. त्यांना पुन्हा विचारावं लागलं. "दुर्सुन, आईचं नाव काय रे तुझ्या?"

"एलमास," बुटांजवळून उत्तर आलं. "हुर्शिदची मुलगी एलमास."

आम्ही हात उघडले आणि एलमाससाठी फातिहा म्हटली, बारा वर्षं उशिरा. त्या दिवशी हसलेले जे दहा-पंधरा जण होतो, त्यांच्यापैकी कुणाचीही मान वर नव्हती. आबींनी आमचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाहेर पडताना दारात गर्दी झाली, तेव्हा दुर्सुननं आबींच्या दोन्ही गालांना गाल लावला आणि म्हणाला, "जा आबी. सुखानं जाऊन या." आईच्या हक्काबद्दल तो काही बोलला नाही. आबींनीही विचारलं नाही.

ते गेले आणि परत आले. रीतीप्रमाणं लोक भेटायला आले, खजूर खाल्ले, इवल्या पेल्यांतून मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी प्याले, हाजी नियाझी, हाजी नियाझी म्हणाले. दुर्सुनकडं पाण्याची बाटली घेऊन ते स्वतः गेले. काब्यापुढं आपण एलमासचं नाव घेतलं, एवढंच त्याला सांगितलं. बेकिरचा पहिला पेला ते आता पितात. तोंड वाकडं होतं, पण पितात. गुलिझार पुन्हा वर्गाला जाते, आणि स्वयंपाकघरात मोठ्यानं धडा वाचते तेव्हा आबी बाहेरच्या खोलीत गप्प बसतात.

इथं ही गोष्ट संपली असती तर ती नियाझी आबींची झाली नसती.

परत आल्यापासून ते पहिल्या रांगेत जाईनात. शेवटच्या रांगेत, बुटांना लागून, दुर्सुनच्या शेजारी उभे राहू लागले. पुढं जागा रिकामी असली तरी तिथंच. कुणी "हाजी, पुढं या" म्हटलं की छातीवर हात ठेवून मान हलवायचे, "आमची लायकी इथलीच." लोकांना गहिवरून यायचं. बघा, हज कशी अंगी लागली, असं माणसं चहाच्या खोलीत बोलायची. आणि आबी ते ऐकायचे. ऐकताना पेला जरा हळूच खाली ठेवायचे, म्हणजे एखादा शब्द सुटायला नको.

तीन आठवडे दुर्सुननं हे बघितलं. मग एक दिवस नाड्या बांधता बांधता, आजूबाजूला कुणी नाही असं बघून तो म्हणाला, "आबी, पुढं जा बघू तुम्ही."

"का? इथं तुला अडचण होते का माझी?"

"मला नाही होत. पण इथंही तुम्ही क्रेन आणून उभी केलीत."

हे क्रेनचं गुलिझारनं त्याला सांगितलं असेल का, असा विचार नियाझी आबींच्या मनात आला. पण तिनं सांगायची काय गरज होती? सगळ्या मोहल्ल्याला खालून क्रेन दिसतच होती.

दुसऱ्या दिवशी ते आले आणि दुसऱ्या रांगेत मधोमध जागा दिसली तिथं उभे राहिले. एका बाजूला इस्कंदर न्हावी, दुसऱ्या बाजूला ट्रक घेऊन आलेला कुणी परका. ना पहिली रांग ना शेवटची. कुणालाच काही वाटू नये अशी जागा. उभं राहिल्यावर त्यांनी हळूच डावीउजवीकडं नजर टाकली, आपण इथं उभे राहिलो ते कुणी पाहिलं का म्हणून. आणि आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं. सहासष्ट वर्षांचा तो माणूस मानेपासून कानांपर्यंत लाल झाला, आणि इस्कंदरच्या खांद्याला खांदा लावून, तसंच तोंड घेऊन त्यानं नमाज सुरू केला.